सेवासंस्थेच्या दारावरची रांग

(आचरा, ता. मालवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलाविषयी बोलताना या भागातील वडीलधारी माणसे एक वाक्य हमखास उच्चारतात : सरकारी नोकरी नाही लागली, तर निदान एखाद्या संस्थेत तरी चिकटेल. संस्थाचालक एकत्र जमले की नेमके उलटे वाक्य ऐकू येते : जागा आहे, पण माणूस मिळत नाही. पहिल्या वाक्यात सेवासंस्थेची नोकरी ही उरलेल्यांची नोकरी आहे असा समज आहे; दुसऱ्यात ती निवडक त्यागी माणसांची नोकरी आहे असा अभिमान आहे. दोन्ही वाक्ये खरी धरली, तर संस्थेच्या दारावर रांगच नसावी. प्रत्यक्षात रांग आहे. ती कोणती आणि कशाने लागते, हे पाहावयाचे असेल तर प्रथम मोठ्या रांगेकडे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात २०२४ साली पोलीस शिपाई व तत्सम १७,४७१ पदांची भरती झाली. तीसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर. आदल्या वर्षी, २०२३ साली, तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. तेथे एका जागेमागे दोनशेहून अधिक. अर्जांची संख्या म्हणजे उमेदवारांची संख्या नव्हे, एकच तरुण चार ठिकाणी अर्ज करतो, ही सावधगिरी बाळगूनही हे आकडे अंगावर येतात. गावच्या सातबारावर नोंदी घालणाऱ्या पदासाठी अभियंते आणि द्विपदवीधर रांगेत उभे राहतात, याचे कारण त्यांना महसूल खात्याचे विशेष प्रेम आहे असे नव्हे. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. खेड्यातला माणूस शहरात बेकारी आहे हे ठाऊक असूनही शहराकडे जातो, कारण तो तेथील वेतनाला ते मिळण्याच्या शक्यतेने गुणून मनातल्या मनात हिशेब करीत असतो. आतले वेतन आणि बाहेरचे वेतन यांतील दरी जितकी रुंद, तितकी रांग लांब. रांगेची लांबी ही कामाच्या थोरवीची खूण नसते. ती या दरीची मोजपट्टी असते.

कोकणाला हा हिशेब नवा नाही. येथल्या घराघरांनी तो गिरणीच्या काळापासून केला आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ साली ८ लाख ४९ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची दहा वर्षांत घटली. आचऱ्याची गावपळण सर्वांना ठाऊक आहे : देवाचा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहतो आणि तीन दिवस-रात्रींनंतर पुन्हा कौल घेऊन परततो. पोटासाठी झालेल्या पळणीला परतीचा कौल मिळत नाही, एवढाच काय तो फरक. अशा गावात कोणी संस्थेत कामाला लागल्याचे सांगितले, तर शेजारी दोनच प्रश्न विचारतो : पगार कितको? पर्मनंट आसा काय? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही याहून नेमके प्रश्न सापडणार नाहीत.

आता सेवासंस्थांकडे वळावे. कायद्याच्या भाषेत ज्यांना नफा वाटून घेण्याचा अधिकार नाही, अशा संस्थांपैकी आपल्या गावोगाव दिसणारा आणि सर्वाधिक माणसांना काम देणारा प्रकार म्हणजे शिक्षणसंस्था. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंद होते. धर्मादाय आयुक्तांकडे तिचे हिशेब जातात. या शाळा पाहिल्या म्हणजे एक विलक्षण दृश्य दिसते. नोंदणी एकच, उद्दिष्टे एकाच साच्यातील, कित्येकदा विश्वस्तही तेच. परंतु एका शाळेला अनुदान आहे आणि दुसरीला नाही. अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन शासन देते, १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने त्याची सेवा सुरक्षित असते. त्या दारावर रांग इतकी लांब, की जागा विकल्या जातात ही तक्रार महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या ऐकली. ती थांबविण्यासाठी २०१७ साली अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ नावाची केंद्रीय पद्धत आणावी लागली. २०२३ साली ही चाचणी दोन लाखांहून अधिक उमेदवारांनी दिली, आणि त्यानंतर जाहीर झालेल्या जागा २१ हजारांच्या आसपास होत्या. हे सारे उमेदवार अध्यापनाची पदविका वा पदवी घेतलेले होते, म्हणजे चाळणीतून एकदा गेलेले होते. तरीही जागेमागे दहा.

त्याच संस्थेच्या विनाअनुदानित शाळेचे दार पाहावे. २००१ साली शासनाने ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग रूढ केला. २००९ साली त्यातील ‘कायम’ हा शब्द काढला. आणि त्यानंतरची वर्षे टप्प्याटप्प्याच्या अनुदानासाठी आझाद मैदानावर बसलेल्या शिक्षकांची आहेत. यांतील कित्येकांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे नाममात्र पैशावर किंवा बिनपगारी शिकविले. येथे प्रवेशाच्या वेळी रांग नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, उद्यापासून या. रांग नंतर लागली, आणि ती दाराबाहेर नव्हे, आतच. आत शिरलेला माणूस अनुदानाची वाट पाहत उभा राहिला. किती जणांनी मधूनच रांग सोडली, रिक्षा घेतली, बागेची राखण धरली, मुंबईत पहारेकऱ्याचे काम पत्करले, याची नोंद कोणत्याही भरतीच्या आकड्यांत होत नाही.

तेव्हा ‘एका जागेमागे किती अर्ज’ या एकाच मापाने चढाओढ मोजणे फसवे आहे. चढाओढ दोन प्रकारची असते. एकीत उमेदवार गुणांनी बाद होतो. दुसरीत तो टिकाव न धरल्यामुळे बाद होतो. पहिल्या प्रकारात निदान यादी लागते, आपला क्रमांक कळतो, अन्याय झाला तर न्यायालयात जाता येते. दुसऱ्या प्रकारात बाद झालेला माणूस स्वतःहून सोडून गेला असे म्हणतात.

सामाजिक संस्थांची भरती बहुतांशी या दुसऱ्या प्रकारची आहे. देशात नोंदलेल्या संस्थांची संख्या ३१ लाखांच्या घरात असल्याचे २०१५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने सर्वोच्च न्यायालयास सांगितले. यांतील बहुसंख्य संस्था वर्तमानपत्रात जाहिरात देत नाहीत. माणूस शिबिरात येतो, पुन्हा येतो, सहा महिने स्वयंसेवक राहतो, मग त्याला प्रवासखर्च मिळू लागतो, मग मानधन. ही पद्धत वाईट हेतूने निघालेली नाही. माणसाची निष्ठा लेखी परीक्षेत कळत नाही, ती सहवासात कळते, हे खरेच आहे. परंतु या पद्धतीची किंमत कोण देतो, ते पाहू. समजा, आचरे बंदरावरील एका खलाशाची मुलगी समाजकार्याची पदवी घेऊन पुण्यातील एखाद्या संस्थेत गेली. मानधन आठ हजार. खोलीचे भाडे आणि खानावळ यांत ते संपते. पावसाळ्याचे दोन महिने होडी किनाऱ्यावर असते, तेव्हा घरातून पैसे येण्याऐवजी घराला पैसे लागतात. तिच्याच बरोबर लागलेल्या दुसऱ्या मुलीचे वडील प्राध्यापक आहेत, घर पुण्यातच आहे. आठ हजार हा तिचा हातखर्च. दोघींची निष्ठा सारखी, बुद्धी सारखी. दोन वर्षांनी संस्थेत समन्वयकाची जागा निघते, तेव्हा अर्ज करावयाला कोण शिल्लक असते? जागेसाठी एकच अर्ज आला, सबब चढाओढ नव्हती, असे अहवालात लिहिता येईल. खरे म्हणजे चढाओढ दोन वर्षे चालली होती आणि ती पदवीची नव्हती, बापाच्या मिळकतीची होती.

वरच्या पायऱ्यांवर चित्र आणखी निराळे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि एप्रिल २०१४ पासून तो पैसा वाहू लागला. मोठ्या प्रतिष्ठानांत चांगल्या वेतनाच्या जागा निर्माण झाल्या. त्या जागांसाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील, आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेतील पदवीधर खाजगी कंपन्यांत चालते तितकीच तीव्र चढाओढ करतात. इंग्रजीत प्रस्ताव लिहिता येणे, आकड्यांचे तक्ते मांडता येणे ही तेथील खरी पात्रता. वाडीवर जाऊन बोलण्याचे काम ज्याला उत्तम जमते, त्याचा पगार प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या चौथाईही नसतो. शिवाय पैसा प्रकल्पाला मिळतो, माणसाला नव्हे. प्रकल्प संपला की जागा संपते. २०२० च्या दुरुस्तीने परकीय देणग्यांतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि अशा देणगीतील वाटा मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला देण्यास बंदी केली. खेड्यातील छोट्या संस्थेच्या दोन-तीन पगारी जागा या वाट्यावरच उभ्या असत. समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा म्हणून १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा संस्थेतही जून २०२४ मध्ये अध्यापक व कर्मचारी मिळून शंभराहून अधिक जणांना, त्यांच्या वेतनाचे विश्वस्तनिधीतून येणारे पैसे थांबल्याचे कारण देऊन, सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या. निधीचे आश्वासन मिळताच दोन दिवसांत त्या मागे घेण्यात आल्या, ही गोष्ट वेगळी. जेथे समाजसेवक घडतात तेथेच ही अवस्था, तर कणकवली-मालवणच्या कार्यकर्त्याने कशाच्या भरवशावर संसार मांडावा?

येथे कोणी म्हणेल की, सेवेला वेतनाच्या तराजूत घालणे हीच मुळात चूक. महाराष्ट्रात हा वाद शंभरावर वर्षे जुना आहे आणि तो थोर माणसांनी घातलेला आहे. १८८४ साली निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. दरमहा ७५ रुपये हा गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वेतनाचा आकडा सर्वश्रुत आहे. सदस्याने निर्वाहापुरतेच घ्यावे, बाहेर कमाई करू नये, असा टिळकांचा आग्रह; संसारी माणसाला एवढी कठोर अट घालता येणार नाही, असे आगरकर आणि इतरांचे मत. इतरही मतभेद होतेच. पण १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला, त्यामागे हा पैशाचा प्रश्न ठळकपणे होता. पुढे १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा समाज आपल्या कुटुंबाची जी तरतूद करील तीत संतुष्ट राहण्याची प्रतिज्ञा सदस्यांना घ्यावी लागे. ना. म. जोशी १९०९ साली त्या समाजात आले, १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. या परंपरेपुढे कोणाही समाजवाद्याने मान लववावी.

मात्र मान लववताना एक तपशील विसरू नये. ही प्रतिज्ञा तरतुदीची होती. थोडी का होईना, पण समाज कुटुंबाची जबाबदारी घेत असे, आणि ती आयुष्यभराची असे. आजचा प्रकल्प अकरा महिन्यांची जबाबदारी घेतो आणि त्याग मात्र आयुष्यभराचा मागतो. दुसरे असे की, ७५ रुपयांवर राहण्याचा त्याग त्या काळच्या पदवीधराला करता येई, कारण त्याला मामलेदारी किंवा वकिली खुली होती. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही असते त्याच्याच दारिद्र्याला व्रत म्हणतात. बाकीच्यांच्या दारिद्र्याला नुसते दारिद्र्य म्हणतात. अमेरिकेत बर्टन वाईसब्रॉड यांनी १९८३ साली लोकहिताच्या संस्थांतील वकिलांचा अभ्यास करून, हे वकील सुमारे २० टक्के कमी वेतन समजून-उमजून पत्करतात, म्हणजे जणू श्रमांची देणगीच देतात, असा निष्कर्ष काढला. पाच वर्षांनी जॉन गॉडेरिस यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून शंका घेतली : कदाचित या मंडळींना बाहेर फारसे अधिक मिळालेही नसते. वाद परदेशातला असला तरी आपल्याकडील प्रत्येक संस्थेने तो स्वतःच्या हजेरीपटासमोर मांडून पाहण्याजोगा आहे. आपला कार्यकर्ता खरोखर देणगी देतो आहे, की त्याला दुसरा मार्ग नाही म्हणून कमी घेतो आहे?

मराठीत तर या प्रश्नावर पांघरूण घालण्यासाठी एक सुरेख शब्दच तयार आहे : मानधन. धन थोडे असले की मान पुढे करावयाचा. शासनाने हा शब्द संस्थांकडून उचलला आणि त्याचा घाऊक वापर केला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्यातील अंगणवाडी सेविका मानधनावर. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्यातील ‘आशा’ ही तर स्वयंसेविकाच. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा कायदा लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकावयाला एप्रिल २०२२ उजाडले. तोवर त्यांतील कित्येक निवृत्त होऊन गेल्या होत्या. या बायांच्या मोर्चांत समाजवादी कार्यकर्ते सर्वांत पुढे चालले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मोर्चा संपल्यावर ते ज्या कार्यालयात परततात, तेथील टंकलेखक आणि वाहनचालक कोणत्या अटींवर काम करतात, ही चौकशी मात्र क्वचितच होते.

कायद्याची दिशा या चौकशीस अनुकूल नाही. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती वाढविली. पगारी माणसे नेमून पद्धतशीर सेवा देणारी धर्मादाय संस्थाही तीत आली आणि तिच्या कर्मचाऱ्याला कामगार म्हणून दाद मागण्याचा मार्ग मोकळा झाला. १९८२ साली संसदेने ही व्याप्ती आखडती घेणारी दुरुस्ती संमत केली, पण व्याख्येचा तो बदल कधी अंमलात आणला गेला नाही. जे १९८२ मध्ये कागदावर राहिले ते २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने केले : धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत पूर्णतः वा मुख्यत्वे गुंतलेल्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली. चारही श्रमसंहितांविरुद्ध कामगार संघटनांनी आवाज उठविला, परंतु या एका कलमाबद्दल सेवासंस्थांच्या चालकांनी निषेध नोंदविल्याचे फारसे ऐकू आले नाही. मौनाचे कारण शोधण्यास दूर जावयास नको.

वेतन वाढविले तर पोटभरू लोक शिरतील, हा आक्षेप उरतो. तो अगदीच पोकळ नाही. अनुदानित शाळांचे उदाहरण समोर आहे. पण त्यावरचा उपाय उपाशी ठेवणे हा असता, तर विनाअनुदानित शाळा एव्हाना ध्येयवाद्यांच्या वसाहती झाल्या असत्या. कमी वेतन पोटभरूंना अडविते तसे पोट हातावर असणाऱ्यालाही अडविते, आणि दुसऱ्याला अधिक खात्रीने अडविते. महाराष्ट्राने याला एक प्रामाणिक उत्तर शोधले होते. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदी मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगाव करून पैसा जमविला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा रक्कम देण्यास आरंभ केला. रक्कम लहान होती. परंतु ती प्रकल्पाला बांधलेली नव्हती, माणसाला दिलेली होती, आणि ती समाजाने देणे लागतो म्हणून दिली, ही त्यातील नवी गोष्ट. लागूंसारखे नट पुन्हा मिळणार नाहीत म्हणून निधीच्या कल्पनेचे विसर्जन करण्याचे कारण नाही.

निधी उभा राहील तेव्हा राहील. त्याआधी होण्याजोगे काम या तालुक्यातच आहे, आणि त्यास दिल्लीच्या कायद्याची आवश्यकता नाही. समाजवादी विचारांची माणसे ज्या शाळा, वाचनालये, पतसंस्था, आरोग्यकेंद्रे आणि महिला संघटनांच्या कार्यकारिणीवर आहेत, तेथे पुढची जागा भरताना ती ओळखीतून भरू नये. आचरे तिठ्यावर आणि मालवणच्या एस. टी. स्थानकावर मराठीत कागद लागावा. त्या कागदावर ‘मानधन योग्यतेनुसार’ असे न लिहिता आकडा लिहावा. मुलाखतीस येणाऱ्याला बसभाडे द्यावे. स्वयंसेवक म्हणून राबविण्याचा काळ तीन महिन्यांहून अधिक नसावा आणि त्या काळातही जेवणखाण व प्रवास संस्थेकडून असावा. नेमणुकीचे पत्र पहिल्या दिवशी हाती पडावे. आणि कार्यकारिणीच्या वार्षिक सभेत, जमाखर्चाच्या वाचनानंतर, आणखी एक यादी वाचली जावी : वर्षभरात कोण सोडून गेले, आणि जाताना त्यांना किती मिळत होते.